वीस टक्के, पण कशाचे?

बोरिवलीहून अंधेरीपर्यंत एस. व्ही. रोडने या, नाहीतर मुलुंडहून घाटकोपरपर्यंत एल. बी. एस. मार्गाने. औषधांच्या दुकानांच्या पाट्यांवर हल्ली दुकानाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत एक आकडा रंगवलेला दिसतो. कुठे 'सर्व औषधांवर १०% सूट', कुठे 'फ्लॅट २०%', जेनेरिकच्या दुकानावर '८०% पर्यंत'. त्यात फोनवरच्या अ‍ॅपचे कूपन, साखळी दुकानांचे पॉइंट, कार्डाचा कॅशबॅक आणि घरपोच आलेल्या पिशवीतले पुढच्या खरेदीचे व्हाउचर यांची भर पडते. उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरांत मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड यांपैकी एखाददुसरा पाहुणा कायमचाच मुक्कामाला आलेला असतो, त्यामुळे औषधांचे बिल ही दूध आणि विजेसारखीच दरमहा ठरलेली बाब झाली आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली होती, आणि खिशातून जाणाऱ्या या पैशात औषधांचा वाटा मोठा असतो. तेव्हा सूट शोधत चार दुकाने पालथी घालणाऱ्याला चिकटू म्हणून हसण्यात अर्थ नाही. मात्र सूट किती मिळते याची जेवढी चौकशी होते, तेवढी ती कोणत्या किमतीवर मिळते याची होत नाही. मेडिकलच्या काउंटरवर होणारी बचत हा शक्य असलेल्या बचतीचा सर्वांत लहान तुकडा आहे, आणि पाटीवरचा आकडा जितका मोठा तितका मूळ छापील किमतीचाच संशय अधिक घ्यायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

औषधाच्या दुकानात कूपन ही कल्पना मुळात अमेरिकेतली. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांना सीव्हीएसच्या हातभर लांब पावत्या आणि त्यांच्या तळाशी छापलेली कूपने चांगली ठाऊक असतात. तिथे त्यांना अर्थही आहे. तिथे गोळीच्या डबीवर कमाल किंमत छापलेली नसते. एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांत तीच गोळी वेगळ्या भावाने मिळते, आणि विमा असेल तर भाव तिसराच. २०११ मध्ये सुरू झालेल्या गुडआरएक्ससारख्या सेवा त्यामुळेच चालल्या. तिथले कूपन बरेचदा खरा भाव शोधून काढण्याचे साधन असते. पण त्याच देशात कूपनाची दुसरी बाजूही दिसली. महागड्या ब्रँडचा उत्पादक रुग्णाला कूपन देतो, रुग्णाच्या खिशाला झळ बसत नाही आणि स्वस्त पर्याय असूनही तो ब्रँडला चिकटून राहतो. फरक विमा कंपनी भरते आणि तो पुढे सगळ्यांच्या हप्त्यात येतो. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१८ पासून, स्वस्त जेनेरिक उपलब्ध असेल तिथे उत्पादकांच्या अशा कूपनांवर निर्बंध घातले. मॅसॅच्युसेट्समध्येही तशीच बंधने आहेत. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण तिथल्या आमदारांना ठाऊक नसेल, पण कायदा त्यांनी नेमका तिच्यावर केला.

आपल्याकडची चौकट उलटी आहे. वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असते, तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही आणि कमी घ्यायला कोणाची आडकाठी नाही. मग हा आकडा ठरवतो कोण? २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने औषधांचे दोन गट केले. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली, म्हणजे २०२२ च्या सुधारणेनंतर ३८४ औषधे, ही नियंत्रित. ज्या ब्रँडांचा बाजारातला वाटा किमान एक टक्का आहे, ते किरकोळ दुकानदाराला ज्या भावाने पडतात त्याची सरासरी काढायची, तिच्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवायचे, ही झाली कमाल मर्यादा. ही सरासरी उत्पादनखर्चाची नव्हे, बाजारभावाची असते. म्हणजे बाजार महाग असेल तर मर्यादाही महाग. उरलेल्या औषधांची पहिली किंमत उत्पादक हवी ती छापू शकतो, फक्त पुढे वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. दहा टक्के ऐकायला माफक वाटतात. पण दरसाल तेवढी वाढ केली तर सव्वासात वर्षांत किंमत दुप्पट होते, आणि आज मिळालेली वीस टक्क्यांची सूट अडीच वर्षांच्या आत वाढीने गिळलेली असते. हे सगळे कायदेशीर. ग्राहक मात्र प्रत्येक बिलावर 'तुम्ही इतके वाचवले' हे वाचून खूश असतो.

आता दुकानदाराच्या गल्ल्यात डोकावू. नियंत्रित औषधावर त्याला १६ टक्के आणि स्टॉकिस्टला ८ टक्के, अनियंत्रित औषधावर २० आणि १०, असा व्यापारातला रूढ हिशेब आहे. त्यातून भाडे, फार्मासिस्टचा पगार, फ्रीजची वीज, मुदत संपलेला माल आणि घरोघरी औषधे पोचवणाऱ्या मुलाची मजुरी भागवायची. तेव्हा नामांकित कंपनीच्या साध्या गोळीवर १० टक्के सूट देणारा केमिस्ट आपल्या वाट्याचा निम्माशिम्मा भाग देऊन टाकतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. पण सरसकट २० टक्के देणारा काय खातो? काही भाग घाऊक खरेदीतून सुटतो. दहावर एक फुकटच्या स्कीमा, रोखीची कटौती, अनेक दुकानांची एकत्र ऑर्डर या वाटा आहेतच. काही भाग शाम्पू, प्रोटीन पावडर, डायपर, व्हिटॅमिनच्या बाटल्या यांतून भरून निघतो. आणि उरलेला येतो तो अशा औषधांतून, ज्यांची छापील किंमत आणि दुकानदाराची खरेदी यांच्यात मोठी खिंड असते.

या खिंडीचे मोजमाप झालेले आहे. २०११ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी'त दिल्लीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी एकाच उत्पादकाची तीच औषधे दोन रूपांत घेतली. एक, डॉक्टरांकडे प्रतिनिधी पाठवून खपवलेला ब्रँड. दुसरे, केमिस्टला थेट विकलेले ब्रँडेड जेनेरिक. सेटिरिझिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलम, फ्लुऑक्सेटिन आणि लान्सोप्राझोल अशी पाच औषधे. दर्जाच्या कसोटीला दोन्ही उतरली. ब्रँडवर दुकानदाराचा नफा २५ ते ३० टक्के निघाला, जेनेरिकवर २०१ ते १०१६ टक्के. म्हणजे कंपनीने स्वस्त विकलेली गोळी ग्राहकापर्यंत स्वस्त पोचलीच नाही. वाचलेले पैसे वाटेत थांबले. अशा गोळीवर अर्धी किंमत सोडली तरी दुकानदार ब्रँडपेक्षा जास्त कमावतो आणि ग्राहकाला वाटते लॉटरी लागली. रुग्णालयांत तर ही गोष्ट आणखी उघडी आहे. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा नफ्याचे प्रमाण १७३७ टक्क्यांपर्यंत पोचल्याचे आढळले, आणि मोठा खरेदीदार उत्पादकाकडून फुगवलेली छापील किंमत मिळवू शकतो, असे निरीक्षण नोंदले गेले. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ अनियंत्रित औषधांवर व्यापारी नफ्याची ३० टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि काही ब्रँडांच्या किमती खूप खाली आल्या. कोणत्याही पॉइंट-योजनेने जे साधले नसते ते एका अधिसूचनेने केले, कारण तिने हात सुटीला न लावता छापील आकड्याला लावला.

अ‍ॅपवरच्या सुटीची कहाणी वेगळी आहे आणि तिचा एक मोठा अध्याय घाटकोपरमध्येच लिहिला गेला. घाटकोपरच्या मित्रांनी २०१५ मध्ये उभी केलेली फार्मइझी काही वर्षांत देशातली आघाडीची ऑनलाइन औषधसेवा झाली. २०२१ मध्ये तिने मेडलाइफ घेतली, थायरोकेअरमधला ६६ टक्के हिस्सा ४५४६ कोटींना विकत घेतला आणि ६२५० कोटींच्या समभागविक्रीचा प्रस्ताव दाखल केला. २०२२ मध्ये तो मागे घ्यावा लागला, २०२३ मध्ये हक्कभागविक्रीच्या वेळी कंपनीचे मूल्य सुमारे ९० टक्क्यांनी खाली धरले गेले, आणि २०२२-२३ चा तोटा ५२०० कोटींवर गेला. त्यातला मोठा भाग विकत घेतलेल्या व्यवसायांची किंमत कागदावर घटवल्याचा होता, हे खरे. तरीही एकंदर धडा लपत नाही. पहिल्या ऑर्डरवर पंचवीस टक्के, त्यावर कॅशबॅक, त्यावर मोफत घरपोच, ही औदार्याची उधळण औषधविक्रीच्या नफ्यातून निघणे शक्यच नव्हते. ती गुंतवणूकदारांच्या पैशातून चालली होती. ग्राहकाने तिचा लाभ घेतला यात गैर काही नाही. फक्त तिला कायमचा भाव समजू नये. दुसऱ्याच्या तोट्यातून आलेली सूट तोटा सोसायची ताकद संपली की आटते. त्या जागी वितरणशुल्क, हाताळणीशुल्क आणि किमान रकमेची अट येऊन बसते. २०२० मध्ये रिलायन्सने नेटमेड्सच्या मूळ कंपनीतला बहुसंख्य हिस्सा घेतला, २०२१ मध्ये टाटांनी वनएमजी. आता हा खेळ मोठ्या घराण्यांच्या अंगणात आहे आणि तिथे औषध हे अनेकदा इतर माल विकण्याचे निमित्त असते.

पॉइंटांचा हिशेब याच अंगाने बघावा लागतो. पॉइंट म्हणजे उशिरा मिळणारी, अटी असलेली आणि न वापरल्यास बुडणारी सूट. दुकानदाराच्या दृष्टीने तिच्यातला बुडणारा भाग सर्वांत गोड. बहुतेक योजनांत औषधावर थोडे आणि दुकानाच्या स्वतःच्या छापाच्या मालावर भरपूर पॉइंट मिळतात, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसाठी आलेला माणूस मल्टीव्हिटॅमिन, हँडवॉश आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन बाहेर पडावा अशी मांडणी असते. हजारावर घरपोच मोफत म्हणून ८६० च्या बिलात १४० रुपयांचा चूर्णाचा डबा टाकला, तर वाचवले काय? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! औषध ही अशी वस्तू आहे की स्वस्त झाली म्हणून जास्त खायची नसते. जास्त मालावर जास्त सूट हे गणित तांदळाला शोभते, अँटिबायोटिकला नाही. शिवाय काउंटरवर मोबाइल नंबर देऊन आपण दोनपाच टक्क्यांच्या बदल्यात घरातल्या आजारांची महिनेवार नोंद देऊन टाकतो. ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये दुकानदारांना बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नका असे बजावले, त्याच वर्षी वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही झाला. पण काउंटरमागचा 'नंबर सांगा' अजून तसाच आहे.

औषधांखेरीजच्या मालावर मात्र सूट शोधण्यात पूर्ण अर्थ आहे, कारण तिथे निवड आपल्या हातात असते. सॅनिटरी पॅड, डायपर, टूथपेस्ट, शाम्पू यांसाठी कोणाची चिठ्ठी लागत नाही. गंमत अशी की या मालात उपनगरवासीयांना सर्वांत जास्त वाचवून देणाऱ्या दुकानाने पॉइंट-कूपनाचा नाद फारसा केलाच नाही. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान काढणाऱ्या डी-मार्टची रीत रोजच कमी भाव ठेवण्याची. ज्यांना हिशेब करायला वेळ नाही त्यांच्यासाठी ही रीत बरी, कारण तिच्यात ग्राहकाला काही आठवणीत ठेवावे लागत नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शाम्पू, साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा शंभराची वस्तू एकोणनव्वदवर यायला हवी होती. बहुतेक औषधांवरचा कर १२ वरून ५ वर आला, म्हणजे शंभराचे पावणेचौऱ्याण्णव. कूपन कापणाऱ्याने त्या आठवड्यात जुन्या छापाच्या मालाचे बिल नव्या दराने लागले का, एवढे पाहिले असते तरी वर्षभराच्या पॉइंटांइतके हाती आले असते.

या सगळ्याला केमिस्टांचा आक्षेप ठाऊक आहे आणि तो हलका नाही. त्यांचे म्हणणे, अ‍ॅपवाले आणि साखळी दुकाने भरमसाट सुटीने नाक्यावरचे मेडिकल मारून टाकतील. मग रात्री अकराला तापाची गोळी आणि महिनाअखेरीची उधारी कोण देणार? औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने याच मुद्द्यावर २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये देशव्यापी बंद पुकारले. ओळखीच्या केमिस्टचे मोल मी नाकारत नाही. तो 'आजोबांची ती पिवळी गोळी' एवढ्यावर स्ट्रिप काढून देतो, दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी लिहिले असेल तर सांगतो, आणि पाचच गोळ्या हव्यात तर कात्री लावतो. शेवटची सेवा तर आर्थिकही आहे. सुट्या गोळीचा भाव स्ट्रिपच्या प्रमाणातच लावावा असे किंमत आदेशच सांगतो, आणि नको असलेल्या पाच गोळ्या न घेणे ही पन्नास टक्क्यांची सूट झाली. पण याच व्यापाराच्या संघटनांनी स्पर्धा दाबण्याचे कामही केले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेला सुमारे ४७ लाखांचा दंड केला, कारण नव्या स्टॉकिस्टला संघटनेचे ना-हरकत पत्र लागे आणि नफ्याचे दर संगनमताने ठरत. २०१४ मध्ये बंगालच्या संघटनेवर व तिच्या पदाधिकाऱ्यांवर १८ कोटींहून जास्त दंड बसला. तिथे तर छापील किमतीहून कमीत विकणाऱ्या सदस्याला शिक्षा म्हणून दुकान बंद ठेवायला लावत. गोव्याच्या संघटनेविरुद्धही २०१२ मध्ये आयोगाचा निर्णय गेला होता. म्हणजे आज मुलुंडच्या पाटीवर दिसणारा १० टक्क्यांचा आकडा आपोआप उगवलेला नाही. त्याला स्पर्धेने आणि आयोगाच्या दंडाने जागा करून दिली. त्या आकड्याचे श्रेय मान्य करूनच पुढे जाऊ.

पुढे जायचे ते दवाखान्यात. कारण गोळीची किंमत तिथे ठरते. औषध नियमावलीतला पासष्टावा नियम असा की, शेड्यूल एचमधले, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकता येणारे, औषध चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिले असेल त्याच्याऐवजी दुसरी गोळी, मग आतला घटक अगदी तोच का असेना, फार्मासिस्टने परस्पर द्यायची नाही. चिठ्ठीवर ब्रँड आला की किंमतही आली; मग काउंटरवर घासाघीस उरते ती शेवटच्या पाचवीस टक्क्यांची. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाने याचा नमुनाच दाखवून दिला. मार्च २०२५ मध्ये त्याचे पेटंट संपले. त्याआधी मूळ ब्रँडची गोळी साठ रुपयांच्या आसपास होती. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्या उतरल्या आणि एका कंपनीने दहा मिलिग्रॅमची गोळी साडेपाच रुपयांच्या आसपास आणली. साठ रुपयांच्या गोळीवर वीस टक्के सूट मिळवणारा महिन्याला ३६० रुपये वाचवतो. गोळीच बदलणारा सोळाशेच्या वर वाचवतो, तेही एकही कूपन न शोधता. दोन्ही माणसे एकाच रांगेत उभी असतात. फरक त्यांच्या हातातल्या चिठ्ठीत असतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी जेनेरिक नावानेच लिहिण्याची सक्ती करणारे नियम काढले, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि २३ ऑगस्टला ते स्थगित झाले. जेमतेम तीन आठवडे टिकले.

डॉक्टरांचा विरोध निव्वळ स्वार्थाचा होता असे म्हणणे सोपे, पण ते पूर्ण खरे नाही. त्यांचा मुद्दा दर्जाचा: जेनेरिक नाव लिहिले की कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे ज्याला सर्वाधिक नफा तो केमिस्ट ठरवणार, आणि गुण आला नाही तर दोष डॉक्टरला. वर दिलेला २०० ते १००० टक्क्यांचा आकडा पाहता ही भीती काल्पनिक नाही. औषध रक्तात मूळ औषधाइतकेच उतरते हे दाखवणारी चाचणी विद्राव्यता कमी असलेल्या औषधांना सक्तीची झाली तीच २०१७ मध्ये. त्याआधी राज्यांनी दिलेल्या परवान्यांना ती लागू नव्हती. पण मोठे नाव म्हणजे दर्जा, हेही सिद्ध झालेले नाही. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या दरमहाच्या नापास यादीत नावाजलेल्या कंपन्यांचे नमुनेही येतात. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्यातली लेकरे ज्या खोकल्याच्या औषधाने दगावली, ते कोल्ड्रिफ हा डॉक्टरांनी लिहून दिलेला ब्रँडच होता. दर्जाची हमी नाव देत नाही, तपासणी देते. २००८ पासून चाललेल्या आणि आज पंधरा हजारांहून जास्त केंद्रे असलेल्या जनऔषधी योजनेत माल प्रमाणित कारखान्यांतून घेतला जातो आणि प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात जाते, अशी व्यवस्था आहे. किंमत ब्रँडच्या निम्म्याहून कमी, बरेचदा त्याहून पुष्कळ खाली. आणि केंद्रचालकाचे कमिशन ठरलेले, वीस टक्के. योजनेचे खरे दुखणे दुसरीकडे आहे. उपनगरातल्या केंद्रात पाचपैकी तीन औषधे मिळतात, दोन 'पुढच्या आठवड्यात'. मग माणूस कंटाळून पाचही औषधे नेहमीच्या मेडिकलमधून घेतो, वीस टक्के सुटीने.

जिथे गोळी बदलता येत नाही तिथे सूटच कामाची, हे मान्य केले पाहिजे. अपस्माराची औषधे, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, थायरॉक्सिन यांची मात्रा नाजूक असते. एकदा बसलेला ब्रँड डॉक्टरला न विचारता बदलू नये. काही इन्सुलिने, पेटंटखालची नवी औषधे, एकाच कंपनीचे इनहेलर यांनाही तोडीचा पर्याय नसतो. महिन्याला पाच हजारांची अशी औषधे लागणाऱ्या घराला वीस टक्के म्हणजे वर्षाला बारा हजार, आणि त्यासाठी तीन अ‍ॅप आणि दोन दुकाने पडताळून पाहणे हा शहाणपणाच आहे. तिथेही एक खुबी आहे: अ‍ॅपवरची टक्केवारी न पाहता हातात पडणारी गोळीमागची किंमत पाहायची, वितरणशुल्क धरून. औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या अ‍ॅपवर एका घटकाच्या ब्रँडांच्या किमती पाहता येतात, आणि किमतींची यादी दुकानात दर्शनी लावणे केमिस्टवर बंधनकारक आहे. ती यादी मागणारा ग्राहक मात्र दुर्मीळ, आणि मागितल्यावर केमिस्टच्या चेहऱ्यावर येणारे भाव पाहण्यासारखे.

या चर्चेत सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट ही की कूपन माणसाला एकटे पाडते, तर औषधाचा भाव खऱ्या अर्थाने पडतो तो एकत्र खरेदीत. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढून सरकारी रुग्णालयांची औषधे जेनेरिक नावाने, एकत्र निविदेने घ्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने तशा प्राधिकरणाचा कायदा २०२३ मध्ये केला, जवळजवळ तीन दशकांनी. मुंबई महापालिकेच्या आपला दवाखान्यांत औषधे मोफत मिळतात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पालिका रुग्णालयांसाठी 'झिरो प्रिस्क्रिप्शन' धोरणाची घोषणा झाली, म्हणजे बाहेरून काही आणायला सांगायचेच नाही. कूपर, राजावाडी, अगरवाल किंवा कांदिवलीच्या शताब्दीच्या औषधखिडकीवर ती घोषणा कितपत पोचली आहे, हे तिथल्या रांगेतल्या माणसाला विचारावे. सरकारी रांगेबाहेरच्या मध्यमवर्गासाठीही एक घरचाच दाखला आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली आणि विलेपार्ल्यात कूपर रुग्णालयामागे ग्राहक भवन असलेली मुंबई ग्राहक पंचायत गेली पन्नास वर्षे हेच करते आहे. शेजारच्या घरांचा गट करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, घाऊक भावाने माल आणायचा आणि आपणच वाटून घ्यायचा. तिने कोणाला पॉइंट दिले नाहीत. मधला नफाच काढून टाकला. किराण्याला जमले ते औषधाला का जमू नये, असा विचार अनेकांच्या मनात येतो. परवाना आणि फार्मासिस्ट या अडचणी आहेत, पण त्या सोडवता येतात. सहकारी ग्राहक संस्थांनी औषधाची दुकाने चालवलेली आहेत. गाठ बसते ती मागणीच्या यादीपाशी. तांदूळ कोणता घ्यायचा हे गटातली घरे ठरवू शकतात. गोळी कोणती हे प्रत्येकाची चिठ्ठी ठरवते. बोरिवलीतल्या एका सोसायटीत वीस घरांत तोच रक्तदाब, तेच टेल्मिसार्टन, आणि वीस चिठ्ठ्यांवर त्याची सात-आठ वेगळी नावे असतील, तर गटप्रमुखाने यादीवर लिहायचे काय?